काढायची रीत आधी, नेमणूक नंतर: स्वयंसेवी ऑनलाइन समूहाचा कारभार कसा बांधावा

सह्याद्रीतल्या ट्रेकर्सचा व्हॉट्सॲप ग्रुप, जुन्या पुस्तकांची देवघेव करणाऱ्यांचा फेसबुक समूह, द्राक्षबागायतदारांचं टेलिग्राम, कॅलिफोर्नियातल्या मराठी कुटुंबांचा ग्रुप: सगळीकडे रचना साधारण एकच. ज्यानं सुरू केला तो ॲडमिन, त्याच्या ओळखीतले तिघे-चौघे मदतीला, पगार कुणालाच नाही. भांडण होईपर्यंत हे छान चालतं. मग कुणाची तरी पोस्ट उडते, तो कारण विचारतो, पाठोपाठ तोही उडतो. कारण विचारायला समूहात जागाच ठेवलेली नव्हती, हे बाकीच्यांच्या तेव्हा ध्यानात येतं.

पुढची मांडणी पाचशेच्या वर सदस्य आणि तीन किंवा अधिक ॲडमिन असलेल्या समूहांसाठी आहे. उदाहरणं बरीचशी विकिपीडिया आणि मुक्त सॉफ्टवेअरच्या प्रकल्पांतली घेतली आहेत. बिनपगारी माणसांच्या हातातली सत्ता कशी आवरायची याचे प्रयोग तिथं वीस-पंचवीस वर्षं उघड्यावर चालले आहेत, आणि फसलेले प्रयोगही नोंदींसकट वाचायला मिळतात.

पगारी माणसाची बढती रोखता येते, बदली करता येते, वेतन कापता येतं. स्वयंसेवकाकडून काढून घेण्यासारखी एकच गोष्ट असते, ती म्हणजे त्याचा अधिकार. म्हणून ॲडमिन नेमण्याआधी ॲडमिन काढायची रीत लिहावी. हा क्रम उलटला, तर वाद पेटल्यावर नियम लिहायला तोच माणूस बसतो ज्याच्याविरुद्ध तो नियम लागणार असतो.

चाव्या कुणाच्या खिशात

नियमांच्या आधी चाव्यांची यादी करा. एका पानावर मावते. ग्रुप कुणाच्या नंबरावरून तयार झाला, वेबसाइटचं डोमेन कुणाच्या नावावर आहे, नूतनीकरणाचा मेल कुणाला येतो, गूगल ड्राइव्हचं फोल्डर कुणाच्या खात्यात आहे, फॉर्मचे प्रतिसाद कुणाला दिसतात, वर्गणी कुणाच्या यूपीआयवर जमा होते. प्रत्येक चावीसमोर तीन रकाने: मालक, दुसरा माणूस, आणि मालक उद्या नाहीसा झाला तर काय करायचं. तिसरा रकाना कोरा राहिला की दुखणं तिथंच आहे असं समजा.

प्लॅटफॉर्मनुसार हे बदलतं:

- व्हॉट्सॲपवर ग्रुप तयार करणाऱ्याला इतर ॲडमिन काढू शकत नाहीत. तो स्वतः बाहेर पडेपर्यंत ॲडमिनच राहतो. त्यामुळे निर्माता कोण हा सगळ्यांत मोठा प्रश्न. समूहासाठी वेगळं सिम घेऊन त्यावरून ग्रुप तयार करणं हा स्वस्त उपाय, पण ते सिम रिचार्जअभावी बंद पडू देऊ नका, आणि दुहेरी पडताळणीचा पिन दोघांकडे ठेवा. एकुलता एक ॲडमिन बाहेर पडला तर व्हॉट्सॲप सदस्यांतल्याच कुणाला तरी आपोआप ॲडमिन करतं. तो कुणीही असू शकतो.
- टेलिग्रामवर मालकी दुसऱ्याकडे सोपवता येते, मात्र मालकाच्या खात्यावर दुहेरी पडताळणी किमान 7 दिवस आधीपासून सुरू असावी लागते. भांडणाच्या रात्री हे जमत नाही. आजच सुरू करून ठेवा.
- फेसबुक समूहात पूर्ण ॲडमिन झालेला माणूस दुसऱ्या ॲडमिनला काढू शकतो. मोठे समूह बळकावण्याची नेहमीची युक्ती हीच: मदतीच्या बहाण्यानं ॲडमिनपद मिळवायचं आणि एका रात्रीत बाकीच्यांना उडवायचं. नव्या माणसाला आधी सहा महिने मॉडरेटर ठेवा. मॉडरेटरला पोस्ट काढता येतात, ॲडमिन काढता येत नाहीत.

चाव्या आणि काम वेगवेगळ्या हातांत असले की काय होतं, ते फ्रीनोड या चॅट नेटवर्कवर दिसलं. मुक्त सॉफ्टवेअरवाल्यांचा तो जुना अड्डा. रोजचं काम स्वयंसेवकांकडे होतं, पण नाव आणि डोमेन एका कंपनीकडे गेलेलं. ताब्यावरून वाद चिघळला आणि मे 2021 मध्ये तो स्वयंसेवक वर्ग एकगठ्ठा बाहेर पडला. त्यांनी लिबेरा चॅट सुरू केलं, आणि या वेळी स्वीडनमध्ये ना-नफा संघटना नोंदवून मालकी तिच्या नावावर ठेवली. मोठमोठे प्रकल्प काही दिवसांतच त्यांच्यामागे तिकडे गेले. माणसं सोबत आली, जुनं नाव मात्र मागेच राहिलं.

अधिकाराचे तुकडे करा

विकिपीडियावर एकाच माणसाकडे सगळं नसतं. प्रचालक, म्हणजे तिथला ॲडमिन, पान वगळू शकतो, सदस्याला रोखू शकतो, पण कोण कुठल्या आयपी पत्त्यावरून लिहितो हे त्याला दिसत नाही. ते पाहण्याचा अधिकार वेगळा आहे, आणि ज्या विकीवर तो स्थानिक सदस्यांना दिला जातो तिथं असे किमान दोघे असावे लागतात, म्हणजे एकानं केलेली तपासणी दुसऱ्याच्या नजरेखालून जाते. दोघे मिळत नसतील तर एकालाही देत नाहीत. प्रचालकपद काढून घेण्याचं तांत्रिक काम बऱ्याच विकींवर स्टुअर्ड करतात. त्यांची निवड सगळ्या प्रकल्पांतून दरवर्षी होते, आणि आपल्या घरच्या विकीवर ते असे अधिकार बदलत नाहीत.

तुमच्या समूहाला एवढा पसारा नको, पण तीन तुकडे करता येतात. मॉडरेटर रोजची साफसफाई पाहतील. चावीदार, म्हणजे मालकी ज्यांच्या खात्यांत आहे ते दोघे, ॲडमिन नेमतील-काढतील, पण समूहाच्या ठरावाशिवाय नाही. तिसरे अपीलवाले, ज्यांच्याकडे एकही बटण नाही. टेलिग्रामवर ॲडमिनचे अधिकार एकेक खूण करून देता येतात. त्यातली "नवे ॲडमिन नेमणे" ही खूण फक्त चावीदारांना द्या, आणि "निनावी राहणे" ही कुणालाच नको. ग्रुपच्या नावामागे दडून लिहिणाऱ्या ॲडमिनला जाब विचारता येत नाही.

काढायची रीत

चार दारं लागतात. पहिली दोन जितकी सुरळीत चालतील तितकी उरलेल्या दोनांची गरज कमी पडते.

*निष्क्रियता.* काम न करणारा ॲडमिन निरुपद्रवी वाटतो. तसा तो नसतो. त्याचं खातं हॅक झालं तर कुणाला पत्ता लागत नाही, आणि जुन्या भांडणात मत द्यायला तो नेमका उगवतो. विकिमीडियाच्या, म्हणजे विकिपीडिया ज्या प्रकल्पसमूहात येतो त्याच्या, जागतिक पद्धतीत दोन वर्षं एकही संपादन किंवा कृती नसेल तर अधिकार परत घेण्याची प्रक्रिया सुरू होते. इंग्रजी विकिपीडियावर ही मुदत 12 महिन्यांची आहे, आणि वर्षातून एखादं संपादन करून खुर्ची उबवणाऱ्यांसाठी वेगळी अट आहे: पाच वर्षांत किमान 100 संपादनं. चॅट ग्रुपांना एवढा लांब हिशेब नको. ॲडमिनच्या कृतींच्या नोंदवहीत (तिच्याबद्दल पुढे) 90 दिवस एकही कृती नाही, तर एक निरोप. आणखी 14 दिवसांत उत्तर नाही, तर अधिकार खाली. यात दोष नाही आणि नामुष्कीही नाही, हे नियमातच लिहा. परत यायचं असेल तर सहा महिन्यांच्या आत विनंतीवर मिळेल, असंही लिहा.

*मुदत.* एक वर्ष, फार तर दोन. मुक्त सॉफ्टवेअरचा डेबियन प्रकल्प आपला प्रमुख दरवर्षी निवडतो. मुदत असली की नकोशा माणसाला "काढावं" लागत नाही, पुन्हा निवडू नये एवढं पुरतं. सगळ्यांची मुदत एकाच महिन्यात संपू देऊ नका, नाहीतर अनुभव एका फटक्यात बाहेर जातो. निम्मे जूनमध्ये, निम्मे डिसेंबरमध्ये.

*परत बोलावणं.* इथं आकडे नेमके हवेत. जर्मन विकिपीडियावर एका महिन्यात 25 किंवा सहा महिन्यांत 50 पात्र सदस्यांनी सह्या केल्या की प्रचालकाला पुन्हा निवडणुकीला सामोरं जावं लागतं. इंग्रजी विकिपीडियानंही अलीकडे 30 दिवसांत 25 सह्यांची रीत घेतली. ते आकडे जसेच्या तसे उचलू नका. आधी सक्रिय सदस्य मोजा, म्हणजे गेल्या 90 दिवसांत ज्यांनी काही लिहिलं ते. त्यांच्या 5 टक्के सह्या पुरेत, पण 7 पेक्षा कमी नकोत आणि 25 पेक्षा जास्त नकोत. दोन हजारांच्या समूहात सक्रिय 160 असतील, तर 8 सह्या. मुदत 21 दिवस. सही करणारा किमान तीन महिने जुना सदस्य असावा, नाहीतर अर्ज येण्याच्या आठवड्यात पन्नास नवी खाती येऊन बसतात.

सह्या भरल्यावर 14 दिवसांत मतदान. प्रश्न कसा विचारता याला फार महत्त्व आहे. "यांना काढायचं का?" असं विचारलं तर संकोची माणसं गप्प बसतात आणि ॲडमिन टिकतो. "यांनी पुढे ॲडमिन राहावं का?" असं विचारा आणि राहण्यासाठी 60 टक्के होकार लागू करा. टिकला, तर पुढचे 12 महिने त्याच्याविरुद्ध नवा अर्ज नको. ही शेवटची अट ॲडमिनच्या बाजूची आहे आणि ती असायलाच हवी, कारण कठोर पण योग्य निर्णय घेणाऱ्याला दर महिन्याला कुणी ना कुणी वेठीस धरू पाहतं.

*तातडी.* खातं हॅक झालं, सदस्यांचे फोन नंबर बाहेर गेले, एखादा ॲडमिन सपाट्यानं माणसं काढत सुटला. अशा वेळी कोणतेही दोन ॲडमिन मिळून तिसऱ्याचे अधिकार लगेच थांबवू शकतात. 24 तासांत समूहाला कारण सांगायचं, 7 दिवसांत अपीलवाल्यांची मान्यता घ्यायची, ती न मिळाल्यास अधिकार आपोआप परत. "आपोआप" हा शब्द गाळला की तात्पुरती बंदी कायमची होऊन बसते.

नोंदवही

कारभार सुधारायला एकच गोष्ट करायची ताकद असेल तर ही करा. विकिपीडियावर कुठलं पान कुणी वगळलं, कुणाला किती दिवस रोखलं, अधिकार कुणी बदलले, याच्या नोंदी कुणालाही पाहता येतात, लॉग-इन न करताही. ॲडमिनवरचा विश्वास तिथं स्वभावावर कमी आणि त्या यादीवर जास्त उभा आहे.

आपल्या रोजच्या प्लॅटफॉर्मांवर अशी सोय तोकडी पडते. टेलिग्रामवरची अलीकडच्या कृतींची यादी 48 तासांपुरतीच असते आणि फक्त ॲडमिनना दिसते. फेसबुक समूहाला कृतींची नोंद आहे, तीही ॲडमिन मंडळींपुरती. व्हॉट्सॲपवर ॲडमिननं संदेश उडवला की त्याचं नाव तिथं दिसतं, पण कारण लिहायला जागा नाही आणि जुन्या नोंदी शोधण्याची सोय नाही. तेव्हा नोंदवही स्वतः ठेवावी लागते. सामायिक शीट, आठ रकाने:

क्रमांक, तारीख आणि वेळ, कृती, कुणी केली, कुणावर, कोणत्या नियमाखाली आणि का, पुरावा, मुदत आणि अपिलाचा निकाल.

एक नोंद अशी दिसावी: "47; 12 मार्च, रात्री 9.40, पोस्ट काढली व 24 तास लिहिणं बंद, मॉडरेटर क्र. 3, सदस्य प-212, नियम 4, दुसऱ्याचा फोन नंबर विनापरवानगी टाकला, चित्र फोल्डरमध्ये, 47 नावानं, अपील नाही." भरायला मिनिटभर लागतं. पाच मिनिटं लागणारी नोंदवही महिन्याभरात ओस पडते, म्हणून कृती आणि नियम हे रकाने यादीतून निवडायचे ठेवा.

क्रम महत्त्वाचा: आधी स्क्रीनशॉट, मग पोस्ट काढणं, मग लगेच नोंद. टेलिग्रामवर रविवारी बसून आठवड्याचं लिहू म्हणाल, तर निम्म्याहून अधिक तोवर पुसलेलं असेल.

हमखास बिघडणारी जागा म्हणजे कारणाचा रकाना. "नियमभंग", "वातावरण बिघडवलं", "वारंवार सांगूनही" यांतलं एकही कारण नाही. नियमाचा क्रमांक आणि ज्या वाक्यानं तो मोडला ते वाक्य, एवढंच. नियमाचा क्रमांक सापडत नसेल तर कृती चुकीची आहे किंवा नियम लिहायचा राहिलाय. दोन्ही गोष्टी कळलेल्या बऱ्या.

नोंदवही संपूर्ण उघडी ठेवावी का? नाही. विकिपीडियावर टोपणनावं असतात. आपल्या ग्रुपांत खरी नावं, नंबर, नातेवाईक असतात. शिक्षा झालेल्याची यादी जगासमोर टांगणं हीच एक मोठी शिक्षा होते. सदस्यांना क्रमांक द्या, त्या क्रमांकांची किल्ली चावीदार आणि अपीलवाल्यांकडेच ठेवा. ज्याच्यावर कृती झाली त्याला त्याची नोंद पूर्ण दाखवा. समूहासमोर दर महिन्याला पाच आकडे ठेवा: एकूण कृती, ॲडमिननिहाय वाटणी, अपिलं किती, त्यांतली किती मान्य झाली, उत्तराला सरासरी किती दिवस लागले. पुरावे वर्षभर ठेवून पुसून टाका. छळाच्या तक्रारींचे तपशील या शीटमध्ये घालूच नका. त्यांची फक्त "गोपनीय, क्रमांक अमुक" एवढी नोंद.

आकडे वाचताना घाई नको. एका मॉडरेटरच्या नावावर 80 टक्के कृती दिसल्या म्हणजे तो हुकूमशहा असेलच असं नाही. बहुतेकदा बाकीचे झोपलेले असतात. शंका तेव्हा घ्या जेव्हा त्याच्या कृती तीन-चार ठरावीक सदस्यांभोवती फिरतात, किंवा त्याच्याविरुद्धची अपिलं इतरांपेक्षा बरीच जास्त मान्य होतात. अपिलं शून्य असणं ही मात्र चांगली बातमी नसते. अपील कुठं करायचं हेच लोकांना ठाऊक नसावं, असं आधी धरून चाला.

ज्या भांडणात आहात तिथं हात लावू नका

विकिपीडियावरचा हा नियम कुठल्याही समूहाला जसाच्या तसा लागू पडतो: वादात स्वतः पक्षकार असलेल्या प्रचालकानं त्या वादात साधनं वापरायची नाहीत. उघडउघड स्पॅम किंवा धमकी एवढाच अपवाद. "पक्षकार" कुणाला म्हणायचं यावरच पुढे वाद होतो, म्हणून खूणगाठ आधीच बांधा: त्या चर्चेत मत मांडलं असेल, त्या सदस्याशी मागच्या तीन महिन्यांत खटका उडाला असेल, किंवा निर्णयानं पैशाचा फायदा-तोटा होत असेल, तर बाजूला व्हायचं. बाजूला होण्याचं वाक्य तयार ठेवा: "या विषयात मी बोललो आहे, निर्णय दुसऱ्या कुणी घ्यावा." त्यावर चर्चा नको.

पैशाचे हितसंबंध आपल्याकडे सर्रास असतात आणि सर्रास झाकलेले असतात. ट्रेकच्या ग्रुपचा ॲडमिन स्वतः सशुल्क ट्रेक नेतो, शेतीच्या ग्रुपचा ॲडमिन खतांचा विक्रेता असतो, पालकांच्या ग्रुपचा ॲडमिन क्लास चालवतो. त्यांना बंदी घालायचं कारण नाही, बऱ्याचदा त्यांनाच विषय कळतो. पण ग्रुपच्या वर्णनात प्रत्येक ॲडमिनच्या नावापुढे व्यवसाय लिहा, आणि स्पर्धकाच्या जाहिरातीवर कृती दुसऱ्यानंच करायची असं ठरवा. पायथन या प्रोग्रामिंग भाषेचा कारभार 2019 पासून पाच जणांच्या समितीकडे आहे. तिथं एकाच मालकाकडे नोकरी करणारे दोघांपेक्षा जास्त चालत नाहीत. तीच मर्यादा एका ट्रेकसंस्थेला किंवा एका सोसायटीला लावता येईल.

तक्रार आणि अपील

शिक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या नसतील तर ॲडमिनकडे दोनच पर्याय उरतात, दुर्लक्ष करणं किंवा हाकलणं. कुरणं, पाटपाणी, मासेमारीची पाणी लोकांनी मिळून कशी सांभाळली याचा अभ्यास करणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रम यांना 2009 चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जी लक्षणं दिसली, त्यांतलं एक होतं चढत्या शिक्षा. समूहासाठी पाच पायऱ्या पुरतात: खासगी सूचना, 24 तास लिहिणं बंद, 7 दिवस, 30 दिवस, कायम. पायरी ओलांडून थेट कायम बंदी फक्त तीन बाबतींत: धमकी, दुसऱ्याची खासगी माहिती मुद्दाम पसरवणं, पैशाची फसवणूक. कायम बंदीला दोन ॲडमिनची सही लागावी. सहा महिने स्वच्छ गेले की माणूस पुन्हा पहिल्या पायरीवर.

अपिलाचं वेळापत्रक छोटं ठेवा. कृतीपासून 15 दिवसांत अपील करता येईल. 48 तासांत पोच. ज्यानं कृती केली तो सोडून दुसरा ॲडमिन 7 दिवसांत पाहील. त्यावरही समाधान नसेल तर अपीलवाल्या तिघांची अपील समिती, तिघेही ॲडमिन नसलेले, 14 दिवसांत शेवटचा निर्णय. हाकललेला माणूस ग्रुपमध्ये लिहू शकत नाही, म्हणून अपिलाचा पत्ता ग्रुपबाहेर हवा: एक मेल किंवा फॉर्म. तो पत्ता कृती कळवणाऱ्या संदेशातच द्यायचा. हा संदेश चार ओळींचा: काय केलं, कोणत्या नियमानं, किती दिवस, अपील कुठं.

ॲडमिनविरुद्धची तक्रार ॲडमिनच्या गटात जाता कामा नये. साधी गोष्ट आहे, पण मोठे प्रकल्पही इथं अडकले. रस्ट या प्रोग्रामिंग भाषेच्या समूहाची शिस्त सांभाळणाऱ्या गटानं नोव्हेंबर 2021 मध्ये एकत्र राजीनामा दिला. कारण असं की वरिष्ठ गट स्वतःशिवाय कुणालाच उत्तर देत नाही, त्यामुळे त्यांच्यावर नियम लागू करता येत नाहीत. दुरुस्ती व्हायला दीडेक वर्ष गेलं; 2023 मध्ये तो वरिष्ठ गट जाऊन वेगवेगळ्या गटांच्या प्रतिनिधींची परिषद आली. तुमच्याकडे यावर उपाय सोपा आहे: अपील समितीचा मेल चावीदारांनाही उघडता येऊ नये.

गोपनीयतेचा गोंधळ उलट्या बाजूनंही होतो. जून 2019 मध्ये विकिमीडिया फाउंडेशननं इंग्रजी विकिपीडियाच्या एका प्रचालकावर वर्षभराची बंदी घातली आणि तक्रारी गोपनीय आहेत म्हणून पुरावा उघड केला नाही. समूहात गदारोळ झाला, बऱ्याच प्रचालकांनी पद सोडलं, शेवटी प्रकरण स्थानिक लवाद समितीकडे आलं आणि तिनं बंदी उठवली. तक्रारदाराचं नाव झाकणं योग्यच. पण नियम कोणता मोडला, चौकशी कुणी केली, आणि अपील कुठं होईल, या तीन गोष्टी झाकायचं कारण नसतं.

निवड, थोडक्यात

मराठी विकिपीडियावर अशा निर्णयांसाठी चावडी आणि कौल हे शब्द रुळले आहेत, ते उचलायला हरकत नाही. कौल किमान 7 दिवस उघडा ठेवा. "आज रात्री 9 ला मतदान" म्हटलं की कॅलिफोर्नियात सकाळचे साडेआठ किंवा साडेसात असतात आणि लोक कामावर निघालेले असतात. व्हॉट्सॲपच्या पोलमध्ये कुणी कशाला मत दिलं ते सगळ्यांना दिसतं. ट्रेकची तारीख ठरवायला ते ठीक, माणूस निवडायला नाही. फॉर्म वापरा, एका खात्याला एक मत, आणि मोजणी उमेदवार नसलेल्या दोघांनी करावी. मतदार यादी कौल जाहीर होण्याच्या आदल्या दिवशी गोठवा. 65 टक्क्यांच्या खाली नेमणूक नको.

पैसा

वैयक्तिक यूपीआयवर वर्गणी घेणं हे बहुतेक फाटाफुटीचं मूळ असतं, आणि तिथं लबाडी असतेच असं नाही. घरखर्च आणि समूहाचे पैसे एकाच खात्यात मिसळले की प्रामाणिक माणसालाही हिशेब देता येत नाही. नोंदणी करायची नसेल तर एक शिस्त पाळा: शिल्लक ठेवायचीच नाही. कार्यक्रमापुरतं गोळा करा, दोघांच्या नजरेखाली खर्च करा, 15 दिवसांत पावत्यांसकट हिशेब टाका, उरलेलं परत द्या. धर्मादाय कारणासाठी लोकांकडून वर्गणी काढणार असाल तर महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळवाल्यांना हे पाठ असतं, ऑनलाइन मदतनिधीवाले विसरतात.

दरवर्षी पैसे फिरणार असतील तर नोंदणी करून टाका. 1860 च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात जण लागतात, आणि महाराष्ट्रात अशी संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखालीही नोंदवली जाते. त्यानंतर कार्यकारिणी बदलली की 90 दिवसांत बदल अहवाल द्यावा लागतो. ऑनलाइन ॲडमिन बदलले, कागदावर जुनेच राहिले, असं झालं की बँक जुन्यांनाच ओळखते.

कायद्याचा दुसरा प्रश्न नेहमी विचारला जातो: सदस्यानं टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुराला ॲडमिन जबाबदार का? मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं मार्च 2021 मध्ये म्हटलं की समान हेतू किंवा आधी ठरलेला बेत दाखवता येत नसेल, तर व्हॉट्सॲप ॲडमिनवर सदस्याच्या संदेशाची फौजदारी जबाबदारी येत नाही. केरळ उच्च न्यायालयानं 2022 मध्ये त्याच धर्तीचा निर्णय दिला. ॲडमिननं स्वतः तो मजकूर पुढे पाठवला किंवा पिन केला, तर गोष्ट वेगळी.

संस्थापक ऐकत नसेल तर

वरचं सगळं बहुतेक ठिकाणी एका माणसापाशी अडतं. त्याला "तुमची सत्ता कमी करतोय" असं वाटू देऊ नका. नोंदवहीपासून सुरुवात करा, तीही फक्त मॉडरेटरांसाठी. त्यात त्याचंही ओझं हलकं होतं, कारण रात्री अकराला "माझी पोस्ट का काढली" याचं उत्तर तयार असतं. दोन महिन्यांनी पाच आकडे जाहीर करा. मग निष्क्रियतेचा नियम, मग अपील, आणि परत बोलावण्याची रीत सगळ्यांत शेवटी, "पुढच्या नेमणुकांपासून लागू" अशा शब्दांत. म्हणजे विद्यमान माणसांना पहिल्या मुदतीपुरतं अभय. हे अभय काहींना खटकेल, पण त्याशिवाय नियम मंजूर होत नाहीत.

आणि सगळी टोळीच बिघडली असेल तर? क्रोएशियन विकिपीडियावर हे घडलं. प्रचालकांच्या एका गटानं इतिहासाचे लेख अतिउजव्या बाजूला झुकवले, विरोध करणाऱ्यांना रोखलं, बनावट खात्यांनी मतदानं जिंकली. 2013 मध्येच वृत्तपत्रांत बोभाटा झाला, शिक्षणमंत्र्यांनी विद्यार्थ्यांना ती आवृत्ती वापरू नका असं सांगितलं, तरी गटाची पकड सुटायला 2020 उजाडलं. स्थानिक लोकशाहीची सगळी बटणं त्याच गटाच्या हाती होती आणि बाहेरचे "स्थानिक बाब" म्हणून थांबत राहिले. विकिमीडियात आता त्यासाठी सार्वत्रिक आचारसंहिता आणि तिची निवडून आलेली समन्वय समिती आहे. तुमच्या फेसबुक समूहावर असं कुणी नाही. ॲडमिननं पक्षपात केला म्हणून मेटा येणार नाही. धमक्या, तोतयेगिरी, फसवणूक असेल तरच तिकडे तक्रारीला अर्थ आहे.

तेव्हा सदस्यांनी करायचं ते असं. एका प्रसंगावर भांडू नका, दहा प्रसंगांचं कोष्टक करा: तारीख, काय लिहिलं होतं, काय झालं, तसंच लिहिणाऱ्या दुसऱ्याचं काय झालं. शेवटचा रकाना पक्षपात दाखवतो. एकमेकांचे मित्र नसलेले पाच जण गोळा करा. तीन लेखी प्रश्न विचारा: नियम कुठं आहेत, अपील कुठं करायचं, ॲडमिनची मुदत कधी संपते. 15 दिवस थांबा. उत्तर आलं नाही, किंवा उत्तरादाखल पाचही जण बाहेर काढले गेले, तर नवा समूह काढा.

वेगळं होताना जुन्या ग्रुपमधले नंबर उचलून लोकांना परस्पर जोडू नका. दुवा द्या, येणारे येतील. जुन्या समूहाशी मिळतंजुळतं नाव घेऊ नका, त्यावरून सहा महिने वाया जातात. पहिल्याच दिवशी वर्णनात चार गोष्टी लिहा: चावीदार कोण, मुदत किती, काढायची रीत, अपिलाचा पत्ता. आणि सामूहिक साठा, म्हणजे जीपीएस मार्ग, पीडीएफ, याद्या, ज्याच्या त्याच्या परवानगीनं आणा. जे मुक्त परवान्याखाली, म्हणजे कुणालाही वापरायची मुभा देऊन, टाकलेलं होतं ते न विचारता आणता येतं, म्हणून नव्या समूहात टाकलेली सामग्री कोणत्या परवान्याखाली आहे हे सदस्य होतानाच विचारून घ्या.